दुरून केलेले क्षेत्रकार्य आणि ‘एहिपस्सिको’ची कसोटी

भगवान बुद्धांच्या धम्माचे एक लक्षण ‘एहिपस्सिको’ असे सांगितले जाते. या आणि स्वतः पाहा, हा त्याचा आशय. मानवशास्त्रातील क्षेत्रकार्यही याच आग्रहावर उभे आहे. अभ्यासकाने लोकांमध्ये जाऊन राहावे, त्यांची भाषा शिकावी, त्यांचे व्यवहार प्रत्यक्ष पाहावेत आणि मगच लिहावे, ही पद्धत मॅलिनोव्हस्की यांच्या ट्रोब्रियंड बेटांवरील संशोधनामुळे, विशेषतः त्यांच्या १९२२ च्या ग्रंथामुळे, रूढ झाली. कोविडच्या साथीने नेमका हाच मार्ग बंद केला. २५ मार्च २०२० पासून आपल्या देशात टाळेबंदी लागू झाली आणि लोकांमध्ये जाणे हेच लोकांना धोक्याचे ठरले. अशा वेळी दूरध्वनी, चित्रसंवाद आणि समाजमाध्यमे यांच्या आधारे क्षेत्रकार्य होऊ शकते काय, आणि त्यातून हाती येणारे ज्ञान कितपत विश्वसनीय मानावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

हा प्रश्न केवळ विद्यापीठांपुरता नाही. १४ एप्रिल २०२० रोजी बाबासाहेबांची जयंती घरोघरी साजरी झाली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवरील नेहमीचा सोहळा झाला नाही आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन करण्यात आले. ज्या समाजाचे सामूहिक जीवन अशा मेळाव्यांतून प्रकट होते, त्याच्या इतिहासातील हे असाधारण वर्ष होय. ते नोंदवायचे तर निरीक्षकाने उभे कोठे राहावयाचे? मैदान रिकामे होते; वंदना घरात आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होत होती.

दुरून अभ्यास करण्याची कल्पना अगदीच नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूथ बेनेडिक्ट यांना जपानला जाणे शक्य नव्हते. त्यांनी अमेरिकेतील जपानी लोकांच्या मुलाखती, साहित्य आणि चित्रपट यांच्या साहाय्याने जपानी संस्कृतीचा अभ्यास केला व तो १९४६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण बाबासाहेबांचे आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. हे विवेचन न्यूयॉर्कमध्ये बसून केलेले होते. याउलट रिस्ले हे भारतात राहिले, त्यांनी माणसांची नाके मोजविली आणि जातीचे मूळ वंशात शोधले. युरोपीय अभ्यासकांनी वर्णाला अवाजवी महत्त्व दिले, ही त्यांची चूक बाबासाहेबांनी त्या निबंधात दाखवून दिली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ शरीराने जवळ असणे म्हणजे पाहणे नव्हे. ज्याने जातीचा दाह स्वतः सोसला, त्याला ती समुद्रापलीकडूनही दिसली. ज्याने माणसाला मोजमापाची वस्तू मानले, त्याला समोर असूनही दिसली नाही.

२०२० मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी या दिशेने प्रयत्न केले. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ डेबोरा लप्टन यांनी साथीच्या काळातील क्षेत्रकार्याच्या पद्धतींचे एक सामायिक टिपण सुरू केले आणि अनेकांनी त्यात भर घातली. दीर्घ दूरध्वनी संभाषणे, ध्वनिमुद्रित निरोप, माहिती देणाऱ्याने स्वतः लिहिलेली दैनंदिनी, त्याने स्वतः काढलेली छायाचित्रे ही साधने पुढे आली. यांतील शेवटची दोन आम्हांला विशेष मोलाची वाटतात. कारण काय दाखवावे हे तेथे अभ्यासक ठरवीत नाही, ज्याचे जीवन आहे तो ठरवितो.

परंतु पडद्याची चौकट अरुंद असते. विहारात कोण पुढे बसतो, कोण दाराशी उभा राहतो, कोणाच्या बोलण्यावर सभा गप्प होते, हे तीत मावत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे, जो पडद्यावर येऊच शकत नाही तो अभ्यासातूनच गळतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार इंटरनेटची सोय शहरी भागातील सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडे, तर ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच होती. घरात एकच भ्रमणध्वनी असेल तर तो बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असतो. मग वृद्ध उपासिका, शेतमजूर स्त्री, सफाई कामगार यांचा अनुभव कोणी नोंदवावयाचा? पडद्यावर दिसले तेवढ्यालाच समाज मानले, तर वगळलेल्यांना पुन्हा एकदा वगळल्यासारखे होईल.

येथे शीलाचाही प्रश्न येतो. एखाद्या गटात सभासद म्हणून शिरून तेथील संवाद न विचारता उतरवून घेणे हे अदत्तादानच होय. मुलाखतीपूर्वी जवळपास कोण ऐकत आहे हे विचारावे, सोयीची वेळ त्या व्यक्तीलाच ठरवू द्यावी, संभाषणाचा खर्च अभ्यासकाने सोसावा. दिलेली माहिती परत घेण्याचा अधिकार मान्य करावा. नाव आणि आडनाव यांवरून जात उघड होते व त्याचे परिणाम सांगणाऱ्यालाच भोगावे लागतात, हे विसरू नये. ज्या घरात मृत्यू झाला आहे, तेथे प्रश्न थांबवून केवळ विचारपूस करावी.

आमच्या मते दुरून केलेले क्षेत्रकार्य त्याज्य नाही. मात्र ते अपुरे आहे हे त्याच्या प्रत्येक निष्कर्षासोबत नोंदविले पाहिजे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता वाटा मोकळ्या आहेत. तेव्हा पडद्यावर जे भेटले नाहीत, त्यांच्या दारी आता गेले पाहिजे आणि २०२० साली त्यांच्यावर काय गुदरले ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले पाहिजे. गावोगावच्या विहारांतील तरुणांना हे काम करता येण्यासारखे आहे. त्या पिढीतील वडीलधारी माणसे आहेत तोवरच ते होऊ शकेल.