गाडीचे ब्रेक घरीच दुरुस्त करावेत का? मी कुठपर्यंत करतो आणि कुठे थांबतो

यूट्यूबवर 'ब्रेक पॅड कसे बदलायचे' असं टाकलं की दहा-बारा मिनिटांचे ढीगभर व्हिडिओ येतात. चाक काढलं, कॅलिपरचे बोल्ट सोडले, जुने पॅड बाहेर, नवे आत, झालं. खरं सांगायचं तर काम जवळपास तेवढंच सोपं आहे. अडचण वेगळी आहे. एसीचा फिल्टर चुकीचा बसला तर गाडीत वास येतो. ब्रेक चुकीचे बसले तर ते कळतं तेव्हा समोर ट्रक असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. अकोल्यात गोरक्षण रोडवर आमच्या घरी एक जुनी हॅचबॅक आहे. तिचे पुढचे पॅड मी दोनदा घरीच बदललेत. मागचे ब्रेक मात्र कधीच उघडत नाही, आणि ब्रेक ऑईलच्या पाइपला तर हातही लावत नाही.

ब्रेक नेमकं काय करतात?

चालत्या गाडीची ऊर्जा ब्रेक उष्णतेत बदलतात, बस. माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी ८० किमीवरून थांबवली की सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता डिस्क आणि ड्रममध्ये जाते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. आपल्या अकोला-अमरावती रस्त्याचंच बघा. जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान ७५ किमी लांबीची सिंगल लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीजमध्ये गेली. रस्ता गुळगुळीत झाला की आपला पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो, आणि त्याचा हिशोब ब्रेकला द्यावा लागतो.

चिखलदऱ्याचा घाट त्याहून अवघड. चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर, आणि परतवाडा त्याच्या सुमारे ७०० मीटर खाली. तीच १२०० किलोची गाडी तेवढं उतरते तेव्हा सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. म्हणजे ८० च्या वेगावरून अंदाजे २८ वेळा थांबण्याइतकी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर बराच भाग इंजिन आणि हवा झेलतात. न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळपास सगळा भार ब्रेकवर.

इथे ब्रेक ऑईल महत्त्वाचं ठरतं. सगळे त्याला ऑईल म्हणतात, पण आपल्या गाड्यांतलं डॉट ३ किंवा डॉट ४ हे ऑईल नाही, ग्लायकॉलवर आधारित द्रव आहे. ते हवेतली आर्द्रता शोषतं. नवं कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्याची तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणजे मेमधल्या ४५ अंशांच्या उन्हापेक्षा दोन-तीन पावसाळे पाहिलेलं ऑईल जास्त धोक्याचं. दर दोन वर्षांनी बदला, किंवा तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते पाळा.

माझी रेघ

स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या कामात चूक झाली तर ती मला रस्त्यावर जाण्याआधी, गाडी उभी असतानाच कळेल का?

पुढच्या डिस्क पॅडच्या बाबतीत उत्तर बहुतेक 'हो' आहे. सगळं डोळ्यांसमोर उघडं असतं, आणि ऑईलचा पाइप सुटत नाही. एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू जशीच्या तशी असल्याने क्लिप कशी बसली होती ते जाऊन बघता येतं. आमच्या भाषेत बॅकअप. शिवाय प्रत्येक बोल्ट सोडण्याआधी फोनने फोटो काढायचा.

मागच्या ड्रमचं उत्तर 'नाही'. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतात, आणि परदेशी व्हिडिओत दाखवतात त्या मागच्या डिस्क. ड्रमच्या आत स्प्रिंगा, ॲडजस्टर, हँडब्रेकची केबल असा पसारा असतो, आणि ड्रम बसवला की आतलं काहीच दिसत नाही. ज्या गाडीत बटणाचा हँडब्रेक आहे तिथे आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं, नाहीतर मोटर खराब होऊ शकते.

आणि पाइप, मास्टर सिलिंडर, कॅलिपरची गळती, ब्रेक ऑईल बदलणं? तिथे ठाम नाही. लाईन उघडली की हवा शिरते, आणि ती पूर्ण निघाली की नाही हे नुसतं बघून कळत नाही. माझ्या ओळखीच्या मिस्त्रीने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भाऊ, पॅड तं बदलशील, पण हवा काढता येते का तुले?" नाही येत. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली तर कितीतरी गाड्यांत ती काढायला स्कॅनरने पंप चालवावा लागतो. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या गाडीत ते असण्याची शक्यता बरीच.

पैसे वाचतात का?

पहिल्यांदा तरी नाही. छोट्या गाडीच्या पुढच्या पॅडचा सेट साधारण हजार-दोन हजारांत येतो आणि मजुरी काही शेकड्यांत. त्या उलट दोन जॅक स्टँड आणि टॉर्क पाना घ्यायला गेलात की मजुरीच्या कितीतरी पट गेले. आणि जॅक स्टँड नसतील तर विषयच सोडा. गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्यात आपली काळी माती! पाऊस पडून गेलेल्या अंगणात जॅक रुततो, गाडी कलते. फरशी किंवा काँक्रीट हवंच.

मग फायदा कशात? तपासण्यात. हे मात्र प्रत्येकाने करावं, पाना न उचलता. फोनचा टॉर्च लावा, चाकाच्या फटीतून कॅमेरा झूम करून पॅडचा फोटो घ्या. मागची लोखंडी पट्टी सोडून उरलेलं मटेरियल ३ मिमीच्या आसपास आलं की बदलायची वेळ. आतल्या बाजूचा पॅडही बघा, पुष्कळदा तोच आधी झिजतो.

एका गॅरेजने मला पॅडसोबत दोन्ही डिस्कही बदलायला सांगितल्या होत्या. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. आमच्या डिस्कवर तो १५ मिमी होता, मोजली तर जाडी १६.४ भरली. तडा नाही, पेडल थरथरत नाही. डिस्क तशाच ठेवल्या. मोजताना एक खुबी आहे: झिजलेल्या डिस्कच्या काठाला उंचवटा राहतो, त्यामुळे व्हर्निअर थेट लावला तर जाडी जास्त दिसते. उंचवट्याच्या आत दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरा, मोजा आणि दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा.

करायचं ठरलंच तर

पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी हवा. कॅलिपर पाइपवर लटकू देऊ नका, तारेने बांधा. धूळ फुंकू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनर मारून पुसा. पिस्टन मागे ढकलताना ऑईलच्या डबीकडे लक्ष ठेवा. मधे कुणी ती काठोकाठ भरली असेल तर ऑईल सांडतं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच पाणी ओता. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा थेंबही नको.

सगळं बसवल्यावर, गाडी सुरू करून हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत वारंवार दाबा. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दोन-तीन दाबांत ब्रेक जवळपास लागतच नाही, आणि कित्येक जण नेमके तेव्हाच गाडी रिव्हर्स घेतात. दाबूनही पेडल स्पंजसारखं लागलं किंवा हळूहळू खाली जात राहिलं तर गाडी तिथेच ठेवा आणि मिस्त्रीला घरी बोलवा. त्याच्याकडे चालवत नेऊ नका.

पेडल कडक असेल तर व्हील नट पुस्तकातल्या टॉर्कने आवळा, रिकाम्या गल्लीत चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा थांबून बघा. पुढचे काही दिवस एकदम करकचून ब्रेक टाळा, पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. ५०-१०० किमी झाले की नट परत तपासा आणि डबीतली पातळी बघा. ती खाली गेलेली असेल तर नुसतं ऑईल ओतून विषय संपवू नका, कुठेतरी गळतंय.