चुकून झाडलेल्या गोळीचा जाब कोण देणार?

दि. ३१ मार्च १९९७. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये भर दुपारी पोलिसांनी एका निळ्या मारुती एस्टीम मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. आत उत्तर प्रदेशातला यासीन नावाचा गुंड आहे, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात आत होती साधी, निरपराध माणसे. दोघे व्यापारी ठार झाले, तिसरा गंभीर जखमी झाला.

माणूस ओळखण्यात चूक होते, हे आम्हीही मानतो. पण पुढचे पाहा. मोटारीतून आधी गोळी आली, आम्ही जीव वाचवण्यासाठी गोळीबार केला, असे पोलिसांनी सांगितले. मोटारीत पिस्तूलही 'सापडले'! ते मागाहून ठेवलेले होते, हे सीबीआयने खटल्यात सिद्ध केले. चूक झाकायला खोटा पुरावा रचला गेला.

सहायक पोलीस आयुक्त राठी यांच्यासह दहा पोलिसांना २००७ साली जन्मठेप झाली. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने आणि २ मे २०११ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. 'साहेबांचा हुकूम होता', ही शिपायांची सबब चालली नाही. बेकायदेशीर हुकूम पाळणे हा कायद्यात बचाव नाही. आपली मुले पोलीस भरतीला जातात. त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

न्याय मिळाला, पण चौदा वर्षांनी. त्याच १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात काय घडले, ते आम्ही वाचकांना काय सांगावे? दहा जीव गेले. तिथे तर ओळख चुकल्याची सबबही नव्हती. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या फौजदाराला सेशन कोर्टाची शिक्षा सुनावली जायला २००९ साल उजाडले.

सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. पूर्वी हे कागद वर्षानुवर्षे पडून राहत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ प्रमाणे १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. अंमलबजावणी कशी होते, त्यावर आपण डोळा ठेवला पाहिजे.

२०१४ साली सुप्रीम कोर्टाने चकमकींसाठी नियम घालून दिले. गुन्हा नोंदवलाच पाहिजे. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी करायचा. गोळी झाडणाऱ्यांनी शस्त्रे तपासणीला द्यायची. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचे. मृत्यू झाला, तर मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हायचीच.

वकिलाला पैसे कुठून आणणार, असे आयाबहिणी विचारतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जातींना आणि स्त्रियांना वकील मोफत मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीची सवलत आहे. मानवी हक्क आयोगाकडे अर्ज मात्र घटनेपासून वर्षाच्या आत गेला पाहिजे. आणि २०१४ चे नियम पाळले नाहीत असे दिसले, तर घरच्यांना थेट सेशन जज्जाकडे तक्रार करता येते.