बरणीतलं विज्ञान (भाग ७) : रातांबा, मध आणि पाणी

लोणच्याच्या बरणीत मीठ काय काम करतं ते गेल्या आठवड्यात पाहिलं. या वेळी दोन गोड बरण्या घेऊ, एक साखरेची आणि एक मधाची. त्यासाठी तळेऱ्याला जायला हवं.

मुंबई-गोवा महामार्गावर, कणकवलीच्या उत्तरेला तळेरे लागतं. इथून एक रस्ता विजयदुर्गाकडे उतरतो, दुसरा वैभववाडीवरून घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो. मे महिन्यात या टापूत रातांब्यांचा हंगाम ऐन भरात असतो आणि पावसाच्या आत फळ उतरवायची घाई असते. भिजलेला रातांबा कुजायला लागतो, आणि वाळवायला ऊनही उरत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली दिलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीचं मोल यातच आहे. जाड सालीचं हे फळ पाऊस लागण्याआधी हाती येतं.

मग घरातलं कुणीच मोकळं राहत नाही. सुट्टीला आलेली नातवंडं, आत्या, काकी सगळी ओटीवर बसतात. कुणी फळं कापतं, कुणी गर आणि बिया काढतं. बिया कोकमतेलासाठी बाजूला पडतात. काही साली रसाचे पुट देत देत वाळवून सोलं होतात, मिठातल्या रसाचं आगळ होतं. उरलेल्या सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या बरणीत रचतात, तोंडाला फडकं बांधतात आणि बरणी उन्हात ठेवतात. आठवडाभरात साखर विरघळून गर्द लाल पाक सुटतो. हेच अमृत कोकम. या सगळ्या दिवसांत आजीचा एक हुकूम सतत कानावर येतो, “झिला, बरणीक ओलो हात लावू नको.”

या हुकमामागे पक्कं शास्त्र आहे. फळाच्या सालीवर, हवेत, आपल्या बोटांवर यीस्टच्या सूक्ष्म पेशी असतातच. त्या मरत नाहीत, नुसत्या पाण्याची वाट पाहतात. अमृत कोकमाचं रूढ प्रमाण वजनाने एक भाग सालीला दोन भाग साखर असं आहे. सालीत ८० टक्क्यांच्या आसपास पाणी धरलं, तर एक किलो सालीतलं ८०० ग्रॅम पाणी आणि दोन किलो साखर मिळून पाकात साखरेचा वाटा ७० टक्क्यांच्या वर जातो. एवढ्या दाट पाकात यीस्टच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि तिचं काम थांबतं. आता कुणी गोड कमी हवं म्हणून सालीइतकीच साखर घातली, तर तोच हिशेब ५६ टक्क्यांवर येतो. तिथे यीस्टला वाव मिळतो, बरणीत बुडबुडे दिसू लागतात आणि पाकाला आंबूस वास येतो. तेव्हा साखर कमी करायची ती ग्लासात सरबत कालवताना. बरणीत मात्र हात आखडू नये. ज्यांना कमी साखरेचंच टिकवायचं असतं ते सोडियम बेंझोएट वापरतात. त्याचा परिणाम आंबट पदार्थात चांगला होतो आणि कोकमाचा रंगही शाबूत राहतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने हा लाल रंग फिका पडतो, म्हणून ते इथे टाळतात.

मधाची गोष्ट हीच आहे, फक्त साखर दाट करायचं काम तिथे माश्या करतात. फुलातून आणलेल्या पातळ रसाला त्या पंखांनी वारा घालतात आणि पाणी पुरेसं आटलं की कप्प्यावर मेणाचं झाकण लावतात. झाकणबंद पोळ्यातला मध सहसा टिकतो. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की त्याची खात्री राहत नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या सातेरी माश्यांचा मध मुळातच थोडा पातळ असतो. त्यात कोकणची दमट हवा, आणि मध हवेतली ओल शोषून घेतो. पावसाळ्यात सैल झाकणाच्या बाटलीतला मध फसफसला, तर लगेच भेसळीचा संशय घेऊ नका. बऱ्याचदा दोष ओलीचा असतो.

नकळत घडणारी ही गोष्ट मुद्दाम घडवून आणली की मधाचं मद्य होतं. जगभर त्याला मीड म्हणतात, आणि फळ घातलेल्या प्रकाराला मेलोमेल. एक किलो मध पाण्यात कालवून चार लिटर केला, की लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम साखर येते. यीस्ट ती खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे सगळी साखर संपली तर ११-१२ टक्के. मधात नत्र फार कमी असल्यामुळे नुसत्या मधावर यीस्टची उपासमार होते आणि काम रेंगाळतं. फळामुळे नत्र, आम्ल, रंग आणि वास मिळतो. यासाठी जांभूळ उत्तम. कोकम मात्र इतकं आंबट, की जास्त पडलं तर यीस्टच दबून जातं.

हे सगळं परदेशातून आलेलं नाही. आपल्या वैद्यांची आसव-अरिष्टं याच जातीची आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसवं सांगितली आहेत. शार्ङ्गधरसंहितेत प्रमाण दिलेलं नसलेल्या अरिष्टांसाठी सर्वसाधारण नियम आहे, गूळ एक तुळा असेल तर मध त्याच्या निम्मा. आंबवण सुरू व्हावं म्हणून त्यात धायटीची फुलं घालतात आणि ही धायटी सह्याद्रीत उगवते. तयारीची जुनी पारख मला फार आवडते. भांड्याच्या तोंडाशी पेटती काडी धरायची. आत वायू बनत असेल तर ती विझते, काम संपलं असेल तर जळत राहते. भांड्याला कान लावून आतला आवाज थांबल्याची खात्रीही करतात.

आज महाराष्ट्रात मीड रीतसर बनतं. पुण्यात रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी मूनशाइन मीडरी उभी केली. नाशिकच्या योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांच्या सेराना मीड्समध्ये जांभळाचं मेलोमेल होतं. सेराना हे नाव सातेरी माशीच्या शास्त्रीय नावातलं. पण घरी हा प्रयोग करता येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते एक बाटली असो नाहीतर पिंपभर. सिंधुदुर्गात मध, जांभूळ, काजूबोंडं यांची वाण नाही. इथल्या कुटुंबांना आणि बचतगटांना झेपेल असा छोटा परवाना असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तो मिळेपर्यंत बरणी अमृत कोकमाचीच ठेवावी.

आणि खरी जोखीम बाटली भरताना असते. वरच्या चार लिटरमधली सगळी साखर आंबली, तर दोनशे लिटरच्या घरात वायू निघतो. आंबवताना तो निघून जायला वाट ठेवलेली असते. बाटलीला घट्ट बूच बसलं, की वाट बंद. आत लिटरमागे चारच ग्रॅम साखर आंबायची राहिली असली, तरी बाटलीत सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो. शँपेनमध्ये ही साखर मुद्दाम २४ ग्रॅमच्या आसपास ठेवतात. सहा वातावरणांचा तो दाब पेलायला काच खास जाड असते. सरबताची जुनी बाटली त्यासाठी बनवलेलीच नसते.

हा हिशेब अमृत कोकमालाही लागू आहे. बाटल्या गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण कोरड्या करा, गाळणं आणि नरसाळंही कोरडं ठेवा. पाक गाळताना घट्ट वाटला तरी पाणी घालून सैल करू नका. मुंबईला पाठवायच्या बाटल्यांत वर थोडी जागा ठेवा, कारण गाडीच्या डिकीत त्या तापतात. महिन्याभराने एखादीचं झाकण फुगलेलं दिसलं, किंवा उघडताना सुस्कारा निघून फेस वर आला, तर तिच्यात आंबवण सुरू झालंय. झाकण तोंडापासून लांब धरून, वर फडकं टाकून, हळूहळू सैल करा आणि ती बाटली मोरीत ओता. उकळून वाचवायच्या फंदात पडू नका. पोरांना तर त्यातलं अजिबात देऊ नका.