न सांगता शिकवणारा मारिओ

नव्वदच्या दशकात जालन्यासारख्या बाजारपेठेच्या शहरांत जो टीव्ही गेम घरोघरी आला, तो बहुतेकदा निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची स्वस्त नक्कल असे. टीव्हीला वायर जोडायची, चॅनेल जुळवायचं आणि कॅसेट दाबून बसवायची. मराठी माहितीपुस्तिकेचा प्रश्नच नव्हता. तरीही ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ मुलांना सहज उमगला. मुलं हुशार होतीच. पण खरी करामत शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी केलेल्या रचनेची.

हा खेळ 13 सप्टेंबर 1985 रोजी जपानमध्ये आला. आठ जगं, प्रत्येकात चार स्टेज आणि हे सगळं जेमतेम 40 किलोबाइटमध्ये. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच चित्रातून काढले, फक्त रंग बदलला.

पहिलाच पडदा पाहा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचं कुठे ते कळलं. समोरून गुम्बा नावाचा एक तपकिरी शत्रू चालत येतो. त्याला धडकलं की लाइफ गेली, त्याच्यावर उडी मारली की तो चपटा. वर प्रश्नचिन्हाचा चमकता ठोकळा. त्याला डोकं लागलं की मशरूम बाहेर पडतो, उजवीकडे सरकतो, हिरव्या पाइपला आपटतो आणि उलटा मारिओकडेच येतो. नवखा खेळाडू घाबरून उडी मारायला जातो, तर डोक्यावरच्या विटा त्याला खाली ढकलतात. मशरूम लागतोच आणि मारिओ मोठा होतो. घाबरायचं कारण नव्हतं, हे खेळाडूला एकही अक्षर न वाचता कळतं.

उडीही तितकीच विचारपूर्वक केलेली. बटण जितकं दाबून धराल तितकी ती उंच जाते, धावत मारली तर आणखी दूर, आणि हवेत असतानाही मारिओला थोडं वळवता येतं.

मोठा मारिओ विटा फोडतो आणि एक धक्का सोसतो. मात्र एका ठोकळ्याएवढ्या फटीतून त्याला उभ्याने जाता येत नाही. धावत येऊन बसून घसरावं लागतं. ताकदीला अशी किंमत लावली म्हणूनच ती मिळवण्यात मजा आहे. मारिओ मोठा असेल, तर मशरूमच्या जागी फूल निघतं आणि त्याला आगीचे गोळे फेकता येतात. धावण्याचं आणि गोळ्यांचं बटण मात्र एकच. चांदणी काही क्षण शत्रूंपासून अभय देते, खड्ड्यापासून नाही. हिरवा मशरूम एक लाइफ वाढवतो. शंभर नाणीही तेच करतात.

खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरुवात. मराठवाड्यातल्या मुलांना म्हणूनच दुसऱ्या स्टेजच्या छतावरची गुप्त वाट मोलाची होती. छतावरून शेवटपर्यंत धावलं की तीन पाइप दिसतात. त्यांतला एक थेट चौथ्या जगात नेतो. तिथल्या दुसऱ्या स्टेजमध्ये एका ठोकळ्यातून वेल उगवते, आणि तिच्यावरून चढून गेलं की आठव्या जगाचा पाइप सापडतो.