मीटिंगमधलं इंग्रजी: माजिवड्याच्या मंडळींसाठी

ठाण्यातल्या माजिवडा नाक्यावरून रोज ऑफिस गाठणाऱ्यांत मराठी माध्यमात शिकलेले कितीतरी जण आहेत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी गाठ पडायची ती पाचवीत, तीही व्याकरण-भाषांतरातून. म्हणून ईमेल झकास जमतो, पण मीटिंगमध्ये नाव पुकारलं की तोंडातून शब्द फुटत नाही. यात हुशारीचा काही संबंध नाही. बोलण्याचा सराव कुणी करूनच घेतला नाही!

अडतं कुठे? मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. मनात मराठी वाक्य जुळवून बोलायला गेलं की मध्येच अडकायला होतं. म्हणून निष्कर्ष आधी, कारण नंतर: "द रिपोर्ट विल बी रेडी बाय फोर. आय ॲम वेटिंग फॉर द सेल्स फिगर्स." दोन छोटी वाक्यं, मग थांबा. समजलं नाही तर "कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" बेधडक विचारा. उच्चार मराठी वळणाचा असला तरी बिघडत नाही.

सरावासाठी मला सगळ्यात आवडतो टोस्टमास्टर्स या बोलण्याच्या सरावाच्या क्लबांचा प्रकार. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात पहिला क्लब काढला. आज ठाण्यातही क्लब आहेत. तिथल्या 'टेबल टॉपिक्स' या फेरीत विषय आयत्या वेळी मिळतो आणि लगेच बोलायचं असतं. एका मिनिटाला हिरवी खूण, दीडला पिवळी, दोनला लाल. शिवाय एक जण तुमचे "अं... आ..." मोजत असतो. क्लब नको असेल तर जेवणाच्या सुट्टीत तिघाचौघांनी मोबाइलवर टायमर लावून हेच करा.