बग नव्हे, टी-72 असाच असतो

रणगाड्यांचे गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: टी-72 मागे पळतच नाही. समोर शत्रू दिसला, रिव्हर्स टाकला, तरी गाडी ताशी जेमतेम 4 किलोमीटरने सरकते आणि तेवढ्यात गोळा बसतो. मग गेम बनवणाऱ्यांच्या नावाने शिमगा. पण खरा टी-72ही मागे एवढाच जातो. त्याला रिव्हर्सचा गिअर एकच, तोही मंद. आपल्या लष्करातला 'अजेय' तो हाच.

याच रणगाड्यात बार काढला की तोफेची नळी आपोआप वर उचलली जाते. हीही अनेकांना गडबड वाटते. टी-72मध्ये गोळा भरायला माणूस नसतो, ते काम यंत्र करतं. त्या यंत्राला तोफ एका ठरावीक कोनात लागते. तोफ वर जाते, गोळा भरला जातो, तोफ परत खाली येते. तोफचीची दुर्बीण मात्र या सगळ्यात निशाण्यावरच राहते.

टेकडीमागे दबा धरून बसलात आणि नळी खाली वाकेना, हेही तसंच. नळी पुढून खाली जाते तेव्हा तोफेचं मागचं टोक आत वर येतं आणि छताला भिडतं. रशियन रणगाडे शत्रूला कमी दिसावेत म्हणून बुटके केले, त्याची ही किंमत: टी-72ची तोफ साधारण 6 अंश खाली जाते, ब्रिटिश सेंच्युरियनची 10. शिवाय दुर्बीण नळीच्या वर असते. तिला शत्रू स्वच्छ दिसत असतो आणि गोळा मात्र समोरच्या उंचवट्यात घुसतो.

सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो 'गोळा लागला, तरी मेला नाही' यावरून. तिरप्या पोलादाचा हिशेब साधा आहे. टी-55चा पुढचा पत्रा 100 मिलिमीटर जाड, पण 60 अंश मागे झुकलेला. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला 200 मिलिमीटर कापावे लागतात. आरपार गेलेला गोळाही दरवेळी रणगाडा संपवतो असं नाही. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनला गोळा लागून आग लागली. रणगाडा सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे, असं त्यांनी वायरलेसवर कळवलं आणि ते लढत राहिले. 'फामागुस्ता' नावाचा तो रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. जिवाची हिरवी पट्टी रिकामी झाली की खेळ खलास, हा नियम पडद्यावरचा. खऱ्या रणगाड्यात प्रश्न एवढाच, की गोळा नेमका कशाला लागला: तोफेला, इंजिनला, दारूगोळ्याला की माणसाला.

सपाट दिसणाऱ्या शेतात रणगाडा रुतणं हाही बग नव्हे. पावसाळ्यात भाताच्या खाचरात अडकलेला ट्रॅक्टर ज्यांनी ओढून काढला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर 1965च्या युद्धात पंजाबातल्या आसल उत्तरला आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं. पाकिस्तानचे 40 टनांहून जड पॅटन रणगाडे त्यात फसले आणि उसात दडलेल्या आपल्या रणगाड्यांनी ते टिपले. हस्तगत केलेले पॅटन पुढे भिखीविंडजवळ रांगेने उभे केले. त्या जागेचं नाव पडलं पॅटन नगर.

गेममध्ये खरे बगही असतात, नाही असं नाही. रणगाडा हवेत लटकतो, गोळा भिंतीतून काही न होता निघून जातो. ओळखायची खूण म्हणजे त्या घटनेला यंत्रात किंवा जमिनीत कारण सापडत नाही. गंमत अशी, की सर्वांत मोठ्या खोटेपणाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आपलाच रणगाडा मागून, वरून, चहूबाजूंनी दिसतो. झाकणं बंद केलेल्या खऱ्या रणगाड्यात पेरिस्कोपच्या अरुंद फटीतून दिसेल तेवढंच जग. पट्टा तुटला तर गेममध्ये अर्ध्या मिनिटात जोडून मिळतो. खऱ्या गाडीचे जवान खाली उतरून, पहारी आणि घण घेऊन, त्यावर तासन् तास घाम गाळतात, आणि तेवढा वेळ स्क्रीनसमोर बसून राहायला कोणताही वास्तवप्रेमी खेळाडू तयार होणार नाही.