शेजाऱ्याकडून झालेली हार

सामना खेळतात खेळाडू. पण हरल्यावर घशाखाली घास उतरत नाही तो प्रेक्षकांच्या. कोणी रेडिओ बंद करून गप्प बसतो, कोणी भावंडांवर ओरडतो, कोणी रात्रभर एकच चेंडू मनात घोळवत राहतो. आपल्याकडे हे क्रिकेटमुळे होते, अमेरिकेत बेसबॉलमुळे. आणि समोरचा संघ शेजारचाच असेल, तर हे दुःख कितीतरी पटींनी वाढते. न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन या भागातील लोकांनी १९५१ साली असे दुःख सोसले. त्याची हकिकत आजही तेथे सांगितली जाते.

हकिकत समजण्यापुरता बेसबॉल आधी जाणून घेऊ या. एका संघात नऊ खेळाडू असतात. सामन्यात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात, पण तीन खेळाडू बाद झाले की डाव संपतो. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. बॅटने चेंडू मारून खेळाडू पळत सुटतो. मैदानावर चार ठिकाणी बेस असतात. त्यांना क्रमाने स्पर्श करून तो परत आला, की एक धाव होते. चेंडू सरळ कुंपणापलीकडे प्रेक्षकांत गेला, तर तो होमरन. आपल्या षटकारासारखाच, फरक इतकाच, की त्या वेळी बेसवर थांबलेले सगळे साथीदारही धाव पूर्ण करतात. म्हणजे एका फटक्यात चार धावासुद्धा होऊ शकतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ब्रुकलिन हे पूर्वी स्वतंत्र शहर होते. १८९८ साली ते न्यूयॉर्कमध्ये सामील झाले. नाव गेले, पण अभिमान गेला नाही. त्या अभिमानाला एक जागा उरली होती, ती म्हणजे ब्रुकलिन डॉजर्स हा बेसबॉलचा संघ. या संघाचे एबेट्स फील्ड नावाचे मैदान लहान होते. प्रेक्षक इतके जवळ बसत, की त्यांचे बोलणे खेळाडूंना ऐकू येई. हिल्डा चेस्टर नावाच्या बाई गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन येत आणि ती जोरजोराने वाजवून संघाला हुरूप देत. काही हौशी वादकांचा एक बँड होता. पंच मैदानात आले, की हे लोक तीन आंधळ्या उंदरांच्या बालगीताची चाल वाजवत! याच संघातून १९४७ साली जॅकी रॉबिन्सन खेळू लागला. त्या काळी मोठ्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत. ती भिंत रॉबिन्सनने ओलांडली.

डॉजर्सचे सर्वांत जुने प्रतिस्पर्धी होते न्यूयॉर्क जायंट्स. त्यांचे पोलो ग्राउंड्स हे मैदान त्याच शहरात, मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला होते. दोन्ही संघ एकाच स्पर्धेत असल्याने दर वर्षी त्यांचे आपसांत बावीस सामने होत. दूरच्या गावाकडून हरलो तर निदान जिंकणारे डोळ्यांसमोर नसतात. इथे तसे नव्हते. डॉजर्सचा चाहता आणि जायंट्सचा चाहता एकाच कचेरीत काम करत, एकाच रेल्वेने घरी जात. काही घरांत तर दोन भाऊ दोन बाजूंचे असत. हरलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्याचे तोंड पाहावेच लागे. माझ्या मते शेजाऱ्याकडून झालेल्या हारीची खरी बोच हीच आहे.

१९५१ च्या हंगामात ११ ऑगस्टला डॉजर्स जायंट्सच्या तेरा सामन्यांनी पुढे होते. जायंट्स संपले, असे डॉजर्सचा व्यवस्थापक चार्ली ड्रेसन बोलूनही गेला होता. असे बोलू नये, हे अनुभवी माणसाला कोण सांगणार! त्यानंतर जायंट्सनी ओळीने सोळा सामने जिंकले. शेवटच्या ४४ सामन्यांपैकी त्यांनी ३७ जिंकले आणि हंगाम संपताना दोन्ही संघ बरोबरीत आले. शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियात चौदाव्या डावात रॉबिन्सनने होमरन मारला, म्हणून तर डॉजर्स बरोबरीत तरी राहिले. मग निकालासाठी तीन सामने ठरले. पहिला जायंट्सनी जिंकला. दुसऱ्यात डॉजर्सनी त्यांना १०–० असे लोळवले.

तिसरा सामना ३ ऑक्टोबर १९५१ रोजी पोलो ग्राउंड्सवर झाला. शेवटच्या डावापर्यंत डॉजर्स ४–१ ने पुढे होते. ब्रुकलिनमध्ये लोक रेडिओला कान लावून बसले होते. आता फक्त तीन बळी हवे होते. पण डॉजर्सचा पिचर डॉन न्यूकोम थकला होता. मागच्या काही दिवसांत त्याने फारच खेळ केला होता. जायंट्सच्या दोघांनी बेस गाठला. एक बाद झाला. पुढच्याने जोरदार फटका मारला, एक धाव झाली. ४–२. दोन खेळाडू बेसवर. ड्रेसनने न्यूकोमला थांबवले आणि राल्फ ब्रांकाला बोलावले. ब्रांका पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या पाठीवर १३ हा आकडा होता.

समोर बॉबी थॉमसन उभा होता. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा चेंडू त्याने डावीकडच्या कुंपणापलीकडे प्रेक्षकांत भिरकावला. तीन धावा! जायंट्स ५–४ ने जिंकले. रेडिओवर जायंट्सचा समालोचक रस हॉजेस एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत राहिला, की जायंट्सनी अजिंक्यपद जिंकले. डॉजर्सचे खेळाडू मान खाली घालून निघाले. एकटा रॉबिन्सन मैदानात उभा राहून पाहत होता, की थॉमसन प्रत्येक बेसला नीट पाय लावतो की नाही. एखादा बेस चुकला असता तर! पण थॉमसनने एकही चुकवला नाही. खेळाडूंच्या खोलीतील पायऱ्यांवर ब्रांका तोंड लपवून पडला. तसे त्याचे छायाचित्र सगळीकडे छापून आले.

हारल्यावर चाहत्याचे मन पहिल्यांदा काय करते? गुन्हेगार शोधते. दीडशेहून अधिक सामन्यांचा हंगाम होता, तेरा सामन्यांची आघाडी पाण्यात गेली होती. त्यात सगळ्यांचाच वाटा होता. पण इतक्या जणांवर एकाच वेळी रागावता येत नाही. राग ठेवायला एक नाव लागते. कोणी ड्रेसनला बोल लावला. त्याने ब्रांकालाच का आणले? पहिल्या सामन्यात याच थॉमसनने ब्रांकाला होमरन मारला होता, हे त्याला ठाऊक नव्हते का? ज्या प्रशिक्षकाने ब्रांका तयार असल्याचे फोनवर कळवले, तोही सुटला नाही. आणि बाकीच्या सर्वांनी ब्रांकाला धरले. तेरा आकड्यावरही खापर फुटले. १९८६ साली शारजात जावेद मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तेव्हा आपल्याकडे चेतन शर्माचे काय झाले ते वडीलधाऱ्यांना विचारा. एका चेंडूची किंमत तो पुढे कितीतरी वर्षे मोजत राहिला.

याबाबत एक शास्त्रीय निरीक्षणही आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढे. बोलण्यातही फरक पडे. जिंकल्यावर ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणणारे, हरल्यावर मात्र ‘ते हरले’ असे म्हणत. विजय आपला, हार दुसऱ्याची! तुम्हीही वर्गात कान देऊन ऐका, हेच ऐकू येईल.

ब्रुकलिनच्या चाहत्यांची गंमत ही, की त्यांना ‘ते’ म्हणून बाजूला होणे जमत नसे. संघाला ते लाडाने ‘भिकारडे’ म्हणत, शिव्याही देत, पण सोडत नसत. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते : ‘पुढच्या वर्षी बघा!’ ते म्हणण्याची वेळही वारंवार येई. अमेरिकेच्या सर्वोच्च वर्ल्ड सिरीज स्पर्धेत शहरातल्याच तिसऱ्या संघाने, म्हणजे यांकीजने, डॉजर्सना १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ साली हरवले. अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजी डॉजर्सनी यांकीजना त्यांच्याच मैदानावर २–० ने हरवून ती स्पर्धा जिंकली.

१९५१ च्या त्या फटक्याची गोष्ट मात्र संपली नव्हती. २००१ साली एका वृत्तपत्राने जुनी बातमी उघडकीला आणली. कोणता चेंडू टाकायचा, हे यष्टिरक्षकासारखा मागे बसलेला कॅचर बोटांच्या खुणेने पिचरला सांगतो. त्या हंगामात जायंट्सचा माणूस पोलो ग्राउंड्सवर दुर्बिणीतून या खुणा चोरून पाहत असे आणि विजेच्या घंटीने आपल्या माणसांना इशारा देत असे. थॉमसन म्हणाला, की त्या चेंडूच्या वेळी आपण इशारा घेतला नव्हता. खरे काय ते त्यालाच ठाऊक. ब्रांकाला ही लबाडी १९५४ सालीच कळली होती, पण तक्रार करून रडगाणे गाणे त्याला पसंत नव्हते. उलट तो आणि थॉमसन पुढे मित्र झाले. दोघे मिळून कार्यक्रमांना जात आणि त्या प्रसंगाच्या छायाचित्रांवर सह्या करत. थॉमसन २०१० साली वारला, ब्रांका २०१६ साली.

दरम्यान चाहत्यांवर एक वेगळाच घाव पडला होता. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांना नव्या मैदानासाठी हवी ती जागा मिळाली नाही. १९५७ चा हंगाम संपल्यावर ते संघच घेऊन लॉस एंजलिसला निघून गेले. जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले. हारीनंतर ‘पुढच्या वर्षी’ असते. संघच गेल्यावर ते कुठून आणणार? १९६० साली एबेट्स फील्ड पाडले आणि तेथे राहण्याच्या उंच इमारती उभ्या राहिल्या.

१९६२ साली न्यूयॉर्कमध्ये मेट्स हा नवा संघ निघाला. डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी, असे दोन्ही रंग त्याने घेतले. पहिली दोन वर्षे तो पोलो ग्राउंड्सवरच खेळला. थॉमसनचा चेंडू जेथे पडला होता, त्याच मैदानात आता ब्रुकलिनचे आणि जायंट्सचे जुने चाहते शेजारी बसून एकाच संघाला ओरडून प्रोत्साहन देऊ लागले. मेट्सने त्या पहिल्या हंगामात १२० सामने गमावले.